हिरव्याच्या पोटात निळा

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकून बसलात तरी ऐकू येईल म्हणा, पण ऐकू येणं वेगळं आणि पोचणं वेगळं, आणि आजची गोष्ट सगळी पोचण्याचीच आहे. मोठमोठ्या भक्तांची आख्यानं आपण पुष्कळ ऐकली. कुणी डोंगर उचलला, कुणी विष पचवलं. आज एका साध्या बाईची सांगतो. हिने काय केलं? घरात तारा ओढल्या. हसू नका. भगवंताच्या दरबारात कामाची उंची मोजत नाहीत. ते काम करताना कुणाला आठवत होतात, एवढंच विचारतात.

तर ही बाई सदुसष्ट वर्षांची. गल्लीत सगळे तिला काकू म्हणत, आपणही काकूच म्हणू. तिचे यजमान टेलिफोन खात्यात केबल जोडायचं काम करत. रस्त्याखाली मनगटाएवढ्या जाड केबली गेलेल्या असतात आणि त्यांच्या पोटात शेकडो बारीक तारा, दोन-दोनच्या जोडीने एकमेकींना पीळ घालून झोपलेल्या. कुणी रस्ता खणला, कुदळ बसली, की अर्ध्या वस्तीचे फोन मुके. मग हे गृहस्थ खड्ड्यात उतरायचे आणि एकेका तारेला तिचं पलीकडचं टोक शोधून द्यायचे. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं. रंगांचा क्रम चुकला तर एकाच्या घरचा फोन दुसऱ्याच्या घरी वाजायचा, म्हणून त्यांनी त्या क्रमाचं एक कवन रचलं होतं आणि ते गातच ते जोडायचे:

आधी निळा, मग नारिंगी,
हिरवा उभा तिसऱ्या अंगी,
तपकिरी येई सर्वांसंगी,
जोडी कुणाची मोडू नये.

गळा देवाने बेताचाच दिला होता. पण सूर धरला की सोडायचे नाहीत, खड्ड्यात पाणी भरलं तरी नाही.

निवृत्तीच्या सुमारास त्यांची नजर उतरली. रंग फिके दिसू लागले; हिरवा आणि तपकिरी तर सख्खे भाऊ वाटू लागले. पण हात शिवशिवत. कुणाच्या दुकानात दोन फोन जोडून दे, कुणाच्या दवाखान्यात घंटा बसवून दे, अशी कामं ते घ्यायचे आणि काकूंना बरोबर न्यायचे. ते गायचे, काकू रंग बघून तार हातात द्यायच्या.

"रंगखातं, हिरव्याचा जोडीदार कुठाय?"

"हा काय, तुमच्या बोटाखाली दबलाय."

"खात्याने लक्ष ठेवावं. पगार कापीन."

"आधी पगार सुरू तर करा!"

अशी पाच-सहा सुखाची वर्षं गेली. मग ते गेले. त्यालाही आता तीन वर्षं होऊन गेली.

घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. पुढची खोली, मधली, मागची, एका अंगाला स्वयंपाकघर आणि वर एक माडी, जिथे त्यांचं कामाचं टेबल होतं. भिंती दगडी, हातभर जाड. बांधतानाच त्यांनी भिंतींच्या आतून रिकामे पाइप घालून ठेवले होते, पुढच्या खोलीतून प्रत्येक खोलीत एक आणि माडीवरून स्वयंपाकघरात एक. प्रत्येक पाइपात एक नायलॉनची दोरी. गवंडी म्हणाला होता, "साहेब, पाइपात घालायला काहीच नाही, मग घालताय कशाला?" तर म्हणाले, "उद्या कुठली तार लागेल हे मला काय ठाऊक? दोरी असली की पुढच्याला वाट सापडते." आणि त्यांचा एक दंडक होता: दोरीला बांधून तार ओढलीत की त्याच वेळी सोबत नवी दोरीही ओढायची. पाइप कधी बिनदोरीचा ठेवायचा नाही.

माडीवरून स्वयंपाकघरात गेलेल्या पाइपात त्यांनी लगेचच तार घातली होती आणि दोन्ही टोकांना दोन जुने काळे फोन बसवले होते. वरून एक घंटा आली की चहा. दोन आल्या की जेवायला वाढ. तीन आल्या की, "रंगखातं, वर ये, रंग दिसत नाहीत."

आता ऐका, घोडं कुठे अडलं ते.

मागच्या वर्षी कंपनीने जुनी तांब्याची लाइन काढून टाकली आणि काचेच्या तारेने इंटरनेट आणून दिलं. पुढच्या खोलीत फळीवर एक डबी बसली. हवेतून पसरणारं तिचं वायफाय पुढच्या खोलीत आणि दार उघडं असलं तर स्वयंपाकघरात मिळे, त्यापुढे भिंतींनी नकार दिला. मोबाइलची तीच गत. खिडकीत बसलं तर बोलणं होई, आत गेलं की फोन म्हणजे नुसता आरसा.

एके दिवशी सकाळी अकराला काकू माडीवरचा बल्ब बदलायला स्टुलावर चढल्या आणि स्टूल सरकलं. घोटा मुरगळला, कंबरेत कळ आली, उठता येईना. मोबाइल हातातच होता. हातात असून काय उपयोग? त्याच्यावर सिग्नलची एक काडी नव्हती. काळ्या फोनपर्यंत सरपटत गेल्या असत्या, पण घंटा वाजून वाजणार कुठे? खाली स्वयंपाकघरात. आणि तिथे कोण होतं? संध्याकाळी साडेपाचला इस्त्रीवाला कपडे घेऊन आला, दार वाजवून थकला, आणि मग त्याला वरून टेबलावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. काकू चपलेने टेबलाचा पाय बडवत होत्या.

मुलगा लांबच्या शहरात, विमानाने यायचं अंतर. तो आला, आठ दिवस राहिला, आणि जाताना म्हणाला, "आई, हे घर आता बंद करू. आमच्याकडे चल."

"मला काय झालंय?"

"साडेसहा तास पडून होतीस तू."

"पडले होते, मेले नव्हते."

"हाच विनोद मला करता येत नाही, आई."

मुलगा वाईट नव्हता हो. आईच्या काळजीने त्याची झोप उडाली होती. शेवटी तडजोड झाली: घरातल्या प्रत्येक खोलीत, माडीवरसुद्धा, फोन चालला पाहिजे. कुठेही पडलीस तरी तिथून मला दिसली पाहिजेस. तसं झालं तर राहा. नाही झालं तर सामान बांध. आणि ते होईपर्यंत मी रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला फोन करणार, तू खिडकीत बसायचंस.

"माणूस बोलावून करून घे," तो म्हणाला.

"माणूस कशाला? मी काय बाहुली आहे? पाइप यांनी घातलेत, दोऱ्या यांनी घातल्यात. त्यात परका हात मी घालू देणार नाही."

मुलाने मग संगणकावर शोधून यादी पाठवली. तारेचं एक भेंडोळं. एक स्विच, म्हणजे एका तारेचं बोलणं चार तारांत वाटून देणारी डबी. बशीसारख्या दिसणाऱ्या तीन पांढऱ्या तबकड्या. त्या खोलीत छताला लावायच्या, तार त्यांच्यापर्यंत न्यायची, आणि त्या आपल्या खोलीपुरतं वायफाय पसरणार. भिंतीतून हवेने जात नाही तर तारेने न्यायचं आणि पलीकडे मोकळं सोडायचं, असा तो हिशेब. तारेच्या टोकाला बसवायचे पारदर्शक कनेक्टर, ते दाबायची पक्कड, आणि तपासायची डबी.

सामान आलं आणि काकूंनी तार सोलली. आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी; प्रत्येकीसोबत तिच्या रंगाची रेघ असलेली पांढरी.

काकू खुर्चीत बसूनच राहिल्या. तेच चार रंग! यांचेच! वस्तू कसली नवी आणि काय, आत सगळी ओळखीची माणसं.

पहिली दोरी त्यांनी ओढली तेव्हा ती मध्ये कुठेतरी अडकेल अशी धास्ती होती. अडकली नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एका माणसाने आत ठेवलेली दोरी सळसळत बाहेर आली, टोकाला त्याच्याच हातची गाठ. ती गाठ काकूंनी सोडली नाही, कापून डबीत ठेवली. नवी तार बांधली, तिच्यासोबत नवी दोरी, आणि हळूहळू ओढत गेल्या. या खोलीतून थोडी ढकल, त्या खोलीत जाऊन थोडी ओढ. दोघांचं काम एकटीने करायचं म्हणजे येरझाऱ्या आल्याच. एका पाइपाला त्यांनी मोजून एकोणीस खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला पलीकडे कुणी तार धरून उभं नाही हे नव्याने कळायचं.

तीन पाइपांत तारा झाल्या. भेंडोळ्यात उरली होती, म्हणून माडी ते स्वयंपाकघर ही काळ्या फोनांची जुनी कुजकी तारही बदलून टाकली. मग माडीवरच्या टेबलापासून सुरुवात करून खोलीखोलीत बसून टोकं करायला घेतली. कनेक्टरमध्ये आठ खाचा असतात, त्यात आठ तारा ओळीने सरकवायच्या आणि पक्कड दाबायची. ओळ कुठली? हे कुणाला विचारायची गरजच काय? काकू गाऊ लागल्या. आधी निळा, मग नारिंगी. निळ्याची जोडी, नारिंगीची जोडी, हिरव्याची, तपकिरीची. जोडी कुणाची मोडू नये. हात असे चालले की दुपारचं जेवण राहिलं. तपासायची डबी लावली तर एक ते आठ दिवे क्रमाने लागले, एकही चुकला नाही. यांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, खात्याला बढती.

रविवारी सकाळी दहाला मुलाची परीक्षा.

"आई, दिसतेयस. आता चाल."

"चाल म्हणे. मी काय आगगाडी आहे?"

मधल्या खोलीत तो स्वच्छ दिसला. मागच्या खोलीत त्याचा आवाज तुटू लागला, 'आई' मधलं अर्धं येई आणि अर्धं राही. माडीच्या पायऱ्या चढून काकू वर पोचल्या, आणि पडद्यावर मुलाचा चेहरा थिजला. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, लहानपणी तापात झोपायचा तसा. "ऐकू येतंय का रे? अरे बोल की!" तबकडीचा दिवा छान लागलेला. सगळे दिवे लागलेले. आणि मुलगा कुठेच नव्हता.

खाली खिडकीत येऊन फोन लागला. तो चिडला नाही, त्याचंच काकूंना जास्त लागलं. म्हणाला, "प्रयत्न केलास ना तू. बस झालं. पुढच्या महिन्यात मी येतो. तुझी खोली तयार आहे."

"किती मोठी?"

"आई..."

"विचारते आपली. यांचं टेबल मावेल का?"

टेबल मावणार नव्हतं.

"एक रविवार दे मला," काकू म्हणाल्या. "एकच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काचेची तार बसवून गेलेल्या नेटवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा किडकिडीत माणूस, खिशात तीन पेनं आणि त्यातलं एकही चालत नव्हतं. दारातूनच म्हणाला, "काकू, बंद करून चालू केलंत का?"

"माणूस गेला तरी तुम्ही लोक आधी हेच विचाराल."

तो हसला आणि आत आला. स्विचपाशी वाकला. तारा एका रांगेत, मेणाच्या दोऱ्याने सारख्या अंतरावर बांधलेल्या, प्रत्येक वळण गोल. तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग एक कनेक्टर उजेडात धरला, दुसरा धरला.

"काकू, हे कुणी केलं?"

"मी."

"इतकं सुबक काम मी उभ्या जन्मात पाहिलं नाही."

काकूंना बरं वाटलं.

"आणि सगळं चुकलंय," तो म्हणाला.

"काहीतरीच! आठही दिवे लागतात."

"लागणारच. डबी फक्त बघते, या टोकाची तार त्या टोकाला त्याच जागी पोचली का. ती पोचलीय. पण या यंत्राला आपल्या जोड्या ठराविक खाचांत लागतात. पहिली-दुसरी खाच ही एक जोडी. दुसरी जोडी मात्र तिसऱ्या आणि सहाव्या खाचेत, आणि त्या दोघींच्या मधे चौथी-पाचवी ही तिसरी जोडी. नारिंगी आधी, मग हिरवा, पण हिरव्याच्या पोटात निळा, शेवटी तपकिरी."

"मग हिरव्याची जोडी मोडली की!"

"मोडत नाही. टोकाला दोघी लांब उभ्या राहतात, पण पूर्ण वाटभर एकमेकींना पीळ घालूनच जातात. मोडली तुमच्याकडे. तुम्ही नारिंगीतली एक आणि हिरव्यातली एक अशा दोन परक्या तारांना जोडीचं काम दिलंत. जवळच्या जवळ निभतं. लांब जायचं म्हटलं, भरभर बोलायचं म्हटलं, की त्यांना एकमेकींचं ऐकू येत नाही, शेजारणीचंच ऐकू येतं."

काकू खाली बसल्या. मग त्यांनी यजमानांचं ते कवन म्हणून दाखवलं, चालीवर नाही, नुसतं, पोलिसाला जबाब द्यावा तसं. नेटवाल्याने डोकं हलवलं.

"टेलिफोनवाले होते का यजमान? मग बरोबर आहे. ही चूक फक्त टेलिफोनवाला करील. नवशिका काहीही लावतो, पण इतकी व्यवस्थित चूक करायला उभी नोकरी लागते."

"म्हणजे हे चुकले?"

"नाही हो. फोनला त्यांचाच क्रम. ते काम वेगळं, हे काम वेगळं." त्याने कनेक्टर खाली ठेवला. "आणि काकू, शेवटचं चरण बदलू नका. ते इथेही खरं आहे. त्यावरच सगळं चालतं."

तो म्हणाला, अर्ध्या तासात सहाही टोकं मी करून देतो. काकूंनी ऐकलं नाही. एक टोक त्याने समोर बसून करून दाखवलं, काकूंनी रंगांचा नवा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून घेतला, आणि त्याला चहा देऊन वाटेला लावलं. जाताना तो काळ्या फोनांच्या तारेकडे बोट दाखवून म्हणाला, "हिला हात लावू नका. ही आहे तशीच बरोबर आहे."

आता इथे, श्रोतेहो, थोडं थांबा. काम पाच टोकांचं. जुना कनेक्टर कापायचा, नवा बसवायचा. पण काकूंनी तार सोलली, बोटं लावली, आणि बोटांनी निळा उचलला. कापलं. पुन्हा सोललं. पुन्हा निळा. समोर कागद होता, डोळे वाचत होते, पण हात डोळ्यांचं ऐकेनात. हात गाण्याचं ऐकत होते. गाणं कुठे चाललं होतं? ओठांत. काकूंना तोवर माहीतच नव्हतं की त्या गुणगुणताहेत. आणि मग हेही कळलं की आजच नाही, केर काढताना, भांडी पुसताना, खिडकीत फोनची वाट बघताना, तीन वर्षं ते ओठांत चालूच होतं.

हातभर जास्तीची तार प्रत्येक टोकाला राखायची हा यांचाच दंडक, म्हणून कापायला जागा होती. पण पाच बोटं लांबीची तार कापून वाया गेली होती, आणि असंच चाललं असतं तर तार छतापर्यंत पोचली नसती.

काकूंनी ओठ मिटले. दात दाबून मिटले.

घर गप्प झालं. तीन वर्षांत झालं नव्हतं इतकं. यजमान गेले त्या दिवशीसुद्धा माणसं होती, रडणं होतं. आता नळाचा थेंब ऐकू येत होता आणि पक्कड दाबली की खट्. पांढरा-नारिंगी, नारिंगी. पांढरा-हिरवा. निळा. एका टोकाला त्यांना पाऊण तास लागला. दुसऱ्याला अर्धा. मधेच पक्कड ठेवून त्या म्हणाल्या, "रागावू नका हं." कुणाला म्हणाल्या ते तुम्हाला सांगायला नको. देव असल्या वेळी जवळ असतो असं आपण म्हणतो, आणि असतोच. पण तोही त्या दिवशी काही बोलला नाही. बहुधा त्यालाही वाटलं असेल, बाईचं काम चुकेल.

चार टोकं अशी मुक्याने झाली. पाचवं माडीवरचं, तबकडीखालचं. तार हातात घेतली आणि ओठ आपोआप उघडले. सूर यांचेच आले, शब्द मात्र वेगळे:

नारिंगी पुढे हात धरून,
हिरव्याच्या पोटात निळा शिरून,
तपकिरी मागे राहे उरून,
जोडी कुणाची मोडू नये.

खट्.

रविवारी दहाला मुलाचा फोन आला. मधली खोली. मागची खोली. पायऱ्या. काकू माडीवर उभ्या राहिल्या आणि मुलगा पडद्यावर हलत होता, डोळे मिचकावत होता, मागे सून कपड्यांच्या घड्या करताना दिसत होती.

"आई, पायाखाली काय दिसतंय ते, तुकडे?"

"कापलेली टोकं आहेत. केर काढायचाय."

"कमाल केलीस तू!" तो खरंच आनंदला. "राहा आता. मी काही म्हणणार नाही."

घर राहिलं. काकूंनी टेबलावर हात ठेवला आणि मनात यांना सांगितलं, वाचलं हो.

त्याच आठवड्यात मुलाच्या सांगण्यावरून नेटवाला पुन्हा आला आणि काकूंच्या फोनमध्ये काहीतरी घालून गेला. त्याने काय झालं, तर मुलाच्या फोनवर घराचा एक नकाशा उमटला आणि त्यात एक हिरवा ठिपका. ठिपका म्हणजे आई. काकूंचा फोन ज्या तबकडीशी बोलेल, त्या खोलीत ठिपका; फळीवरच्या डबीशी बोलला, तर सिग्नलच्या जोरावरून पुढच्या खोलीत नाहीतर स्वयंपाकघरात. दोन तास हलला नाही तर मुलाला सूचना.

पहिल्या दिवशी त्याला फार गंमत वाटली. "आई, आत्ता मागच्या खोलीत गेलीस ना?" "गेले. आता शिंकेन, ते दिसतं का बघ."

मग सकाळी आठचा फोन बंद झाला. साहजिकच होतं. तो उठला की आधी ठिपका बघे. ठिपका स्वयंपाकघराकडे सरकला की आई उठली, चहा झाला. मग फोन कशाला? संध्याकाळी सातचा काही दिवस आला, मग एक दिवसाआड, मग रविवारी. "रोज दिसतेसच की मला," तो म्हणे, आणि खोटं नव्हतं बोलत. काकूंच्या खिडकीतली खुर्ची रिकामी पडली. आता खिडकीत बसायची गरज राहिली नव्हती. घरात कुठेही फोन लागत होता. लागायला तयार होता.

आपण म्हणतो, देव सगळं बघतो. खरं आहे. पण तो नुसता बघत नाही हो; हाक मारली की ओ देतो, म्हणून तो देव. नुसतं बघणारं यंत्र आपण घरोघर बसवलं आणि ओ द्यायचं राहून गेलं.

एका बुधवारी भर दुपारी काकूंनी स्वतःच मुलाला फोन लावला.

"हॅलो? आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"कोण आई? ठिपका बोलतोय."

तो खळखळून हसला. काकूही हसल्या. मग तो म्हणाला, "अगं, माणसं बसलीयत समोर. संध्याकाळी करतो हं. नक्की."

"कर. मी आहेच."

संध्याकाळ झाली. सात वाजले. काकू उगाच खिडकीत जाऊन बसल्या. सव्वासात झाले, साडेसात झाले. सुनेचं काहीतरी निघालं असेल, नातवाचा अभ्यास असेल; त्यांनी त्याच्या बाजूने सगळी कारणं स्वतःच शोधून दिली. मग उठल्या आणि एकेक पायरी सांभाळत माडीवर गेल्या.

टेबलाशी बसल्या. कोपऱ्यातल्या काळ्या फोनवरची धूळ पदराने पुसली. तीच एक तार घरात यांच्या क्रमाने लावलेली उरली होती: आधी निळा, मग नारिंगी. रिसीव्हर उचलला आणि बाजूचं बटण दाबलं.

खाली रिकाम्या स्वयंपाकघरात घंटा वाजली. एक. भांड्यांच्या फळीवरून आवाज जिन्याने वर आला. दोन. काकू थांबल्या, क्षणभरच.

तीन.

"आले हो, आले," काकू म्हणाल्या, आणि घंटेला ओ द्यायला कठड्याला धरून जिना उतरू लागल्या. त्या दिवशी किती दिवसांनी ते जुनं कवन ओठांत आलं, आणि आता त्याने काही बिघडणार नव्हतं. आणि तिकडे लांबच्या शहरात, टेबलावर पालथ्या ठेवलेल्या एका फोनमध्ये, हिरवा ठिपका माडीवरून निघून स्वयंपाकघरात आला.

इथे मी थांबतो. जास्त काही मागत नाही तुमच्यापाशी. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्यांची नावं घेऊन झाल्यावर क्षणभर त्या काकूंनाही आठवा. जिना उतरताहेत त्या, आणि खाली ओ द्यायला कुणी नाही.